पहिला विश्वास कोणावर? : संगणक ‘उठण्या’चा इतिहास



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत पाहून काही जणांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी संगणकावर बोलायचं म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही उभी हयात न्याय, मीमांसा आणि देकार्त शिकवण्यात घालवली. यंत्राच्या पोटात डोकावण्याचा आमचा काही अधिकार नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका लॅपटॉपने आम्हाला चार संध्याकाळी चार वेळा नकार दिला. ते नकार समजून घेताना लक्षात आलं की त्यातला प्रत्येक नकार वेगळ्या कालखंडातला आहे. म्हणून हे व्याख्यान इतिहासाचं आहे, एवढं समजून ऐका.

आधी प्रसंग सांगतो. आमचे एक स्नेही गेल्या वर्षी वारले. मराठीचे शिक्षक. निवृत्तीनंतर बारा वर्षं ते खेडोपाडी हिंडून शेतीतले शब्द गोळा करत होते. मोटेचं पाणी कुणी पाहिलंय इथे? हात वर झाले, बरं वाटलं. नाडा, सोल, धाव, थारोळं, हे शब्द ज्यांच्या तोंडी होते ती माणसं आता राहिली नाहीत, म्हणून त्यांनी ते टिपून ठेवले होते. सगळं त्यांच्या लॅपटॉपमध्ये. आणि तो लॅपटॉप सुरू होईना. चालू केला की गोल गोल फिरणारे ठिपके, दुरुस्ती करतो आहे असा निरोप, आणि पुन्हा तेच. वहिनी तो पिशवीत घालून आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, यंत्र गेलं तर जाऊ दे. यांचं काम तेवढं बाहेर काढून द्या.”

आमचा एक जुना विद्यार्थी या विषयातला जाणता आहे. त्याला बोलावलं. तो म्हणाला, “सर, आतली कार्यप्रणाली बिघडली असली तरी डिस्क बहुतेक शाबूत असेल. पेनड्राइव्हवर लिनक्स घालू, लॅपटॉप त्यावरून सुरू करू आणि आतल्या फाइली नुसत्या वाचून घेऊ. आतल्या डिस्कवर काहीच लिहायचं नाही.” म्हणजे घराचा मालक बेशुद्ध पडला आहे, तर बाहेरच्या एका समंजस माणसाला घरात पाठवायचं आणि कपाटातली वही तेवढी आणायला सांगायची. योजना सोपी होती. पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला, आणि काहीही झालं नाही. लॅपटॉपने पेनड्राइव्हची दखलच घेतली नाही.

इथून आपला इतिहास सुरू होतो.

संगणक बंद असतो तेव्हा त्याच्या कामाच्या स्मरणात काहीच नसतं. काम करायला आज्ञावली लागते, म्हणजे प्रोग्रॅम. प्रोग्रॅम स्मरणात आणून ठेवायचा तर ते काम करणारा दुसरा प्रोग्रॅम आधी तिथे हवा. तो कोणी आणला? त्याच्या आधीच्याने. आणि त्याला? आपल्याकडच्या तर्कशास्त्रात या मागे मागे जात राहण्याला अनवस्था म्हणतात. न्यायशास्त्राचा विद्यार्थी अनवस्था दिसली की वाद थांबवतो. संगणक बांधणाऱ्यांना थांबून चालणार नव्हतं, त्यांना यंत्र चालू करायचं होतं.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या हाताखाली बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. तिथे डेव्हिड व्हीलर या तरुणाने अनवस्थेवर एक अगदी व्यवहारी तोडगा काढला. त्याने ३१ आज्ञांचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तशा फिरत्या स्विचांवर तो तारांनी कायमचा जोडून टाकला. बटण दाबलं की त्या ३१ आज्ञा स्मरणात यायच्या, आणि त्या मग कागदी पट्टीवरचा मोठा प्रोग्रॅम वाचून घ्यायच्या. म्हणजे साखळीची पहिली कडी विचाराने सुटली नाही, ती तांब्याच्या तारेने बांधली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा तिच्याकडे यायचं आहे.

या क्रियेला इंग्रजीत बूट म्हणतात, त्याचं मूळ गमतीचं आहे. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी तिकडे एक म्हण आहे, अशक्य गोष्टीसाठी वापरतात. जर्मन कथांमधला बॅरन म्युन्खहाउझेन स्वतःचेच केस धरून स्वतःला दलदलीतून ओढून काढतो, त्याच जातीची कल्पना. संगणक रोज सकाळी ही थाप खरी करून दाखवतो.

१९७५ साली अमेरिकेत आल्टेअर ८८०० नावाचा हौशी लोकांचा संगणक आला. त्यात ही पहिली कडीसुद्धा नव्हती. समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून मालकाने स्वतःच्या बोटांनी एकेक आज्ञा भरायची. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पॉल अ‍ॅलन हा तरुण आपल्या मित्राबरोबर, म्हणजे बिल गेट्सबरोबर, लिहिलेली बेसिक भाषा या यंत्रावर दाखवायला विमानाने अल्बुकर्कीला निघाला होता. विमान उतरायच्या बेतात असताना त्याच्या लक्षात आलं की बेसिक यंत्रात चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला आहे. तो त्याने विमानातच लिहिला, आणि तो चालला. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी त्याच वर्षी स्थापन झाली. पहिल्या कडीचं महत्त्व त्या कंपनीला जन्मापासून ठाऊक आहे, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

आता १९८१. ऑगस्ट महिन्यात आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यात पहिली कडी एका चिपमध्ये कायमची कोरलेली होती, तिला बायोस म्हणत. हा शब्द आयबीएमचा नव्हे, तो गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीत आधीच वापरला होता. आयबीएमने बायोसची आज्ञावली चक्क पुस्तकात छापली, पण तिच्यावर हक्क स्वतःचा ठेवला. तसाच चालणारा पण तिची नक्कल नसलेला बायोस बनवायला कॉम्पॅक कंपनीने दोन वेगळ्या तुकड्या नेमल्या. एकीने पुस्तक वाचून बायोस काय काय करतो एवढंच लिहून काढलं, दुसरीने मूळ पुस्तक न पाहता ते नव्याने रचलं. कॉम्पॅकचं यंत्र १९८२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असाच बायोस कोणालाही विकू लागली. त्यानंतर पीसी एका कंपनीचा राहिला नाही. गल्लीबोळात सुटे भाग जोडून संगणक तयार करणारी दुकानं पुढे आपल्याकडेही निघाली, त्यामागे हीच घटना आहे.

हा बायोस काम कसा करायचा? डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे. त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांत एक ठराविक खूण आहे का एवढं पाहायचं. खूण असली की सगळा कारभार त्या ५१२ बाइटांच्या हाती द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. ते बाइट कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, ही चौकशी नाही. दारावर खूण आहे ना, मग या आत.

आमच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, मीमांसकांचं एक मत आम्ही दरवर्षी शिकवायचो, स्वतःप्रामाण्याचं. ज्ञान झालं की ते मुळातच प्रमाण असतं. खोटं ठरवायचं तर बाहेरून कारण दाखवावं लागतं. नैयायिक याच्या उलट म्हणतात. ज्ञान खरं की खोटं हे त्या ज्ञानाबाहेरच्या गोष्टीवरून ठरतं, पडताळा घ्यावा लागतो. ते परतःप्रामाण्य. बायोस पक्का मीमांसक होता. पहिल्या नकाराचा उलगडा आम्हाला इथेच झाला.

तो पेनड्राइव्ह आम्हीच तयार केला होता. लिनक्सची जी मोठी फाइल मिळते, तिला आयएसओ म्हणतात, ती आम्ही उतरवली आणि एखादं छायाचित्र ठेवावं तशी पेनड्राइव्हवर ठेवून दिली. विद्यार्थी हसला. “सर, तुम्ही ग्रंथ पाकिटात बंद करून ठेवलात आणि म्हणताय यंत्र वाचत का नाही.” सुरू होताना यंत्र फाइली शोधत फिरत नाही. ते ठरलेल्या जागीच पाहतं. आयएसओमधला मजकूर उलगडून, ठरलेल्या जागा ठरल्याप्रमाणे भरून पेनड्राइव्ह तयार करावा लागतो. त्यासाठी वेगळे प्रोग्रॅम मिळतात. आशय बरोबर, जागा चुकीची, हा पहिला नकार. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात आणि दोष पेनड्राइव्हला देतात.

दुसऱ्या संध्याकाळी विद्यार्थ्याने आपला तयार पेनड्राइव्ह आणला. बऱ्याच वर्षांपासून त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकलेला. पुन्हा नकार. हा नकार समजायला लिनक्सची थोडी कुळकथा लागेल.

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जगाला कळवलं की आपण एक मोफत कार्यप्रणाली करतो आहोत, हौस म्हणून. सुरुवातीच्या काळात लिनक्स सुरू व्हायचं ते दोन फ्लॉप्यांवरून. एकीवरून गाभा चढवायचा, मग ती काढून दुसरी घालायची. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने सीडीवरून संगणक सुरू करण्याची पद्धत ठरवली. तिचं नाव एल टोरिटो, आणि ते नाव एका हॉटेलचं आहे. थोर गोष्टी कुठे ठरतात पाहा. त्याच दशकात आपल्याकडे पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, काहींनी त्या अजून जपून ठेवल्या असतील. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढलं. सीडी घाला, सगळी प्रणाली सुरू, आतल्या डिस्कला हात नाही. बंद केलं की मागे काही उरत नाही. आणि उबुंटूच्या सीडी तर मागणी नोंदवली की पोस्टाने घरी येत, फुकट. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी त्या मागवल्या होत्या. परदेशी शिक्क्याचं पाकीट पाहून शिपाई अदबीने टेबलावर आणून ठेवायचा.

यात एक मोठी सामाजिक गोष्ट घडत होती. संगणक विकत घेताना आत जी प्रणाली येते तीच वापरली पाहिजे असं नाही, एक तासभर दुसरीला बसवून पाहता येतं, ही मोकळीक सामान्य माणसाला मिळाली. ती कशामुळे मिळाली? बायोसच्या त्या भोळ्या विश्वासामुळे. कोणीही या, खूण दाखवा, आत या.

पेनड्राइव्ह २००० सालाच्या सुमारास विकायला आले. आयबीएमच्या नावाने आलेला पहिला ८ मेगाबाइटचा होता, आज एक छायाचित्रही त्यात मावताना मारामार. हळूहळू बायोस त्यांनाही डिस्क मानू लागले. आमच्या विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह या जुन्या रीतीने, म्हणजे फक्त बायोससाठी तयार केलेला होता. आणि आमच्या पुढ्यातल्या लॅपटॉपमध्ये बायोस नव्हताच.

मग काय होतं? नव्वदच्या दशकात इंटेल आणि एचपी आयटेनियम नावाची नवी यंत्रं रचत होते. पहिल्या मेगाबाइटपुरता विचार करणारा १९८१ चा बायोस त्यांना पुरेना. इंटेलने त्याच्या जागी ईएफआय ही नवी पद्धत आणली, आणि २००५ मध्ये ती अनेक कंपन्यांच्या एका मंडळाच्या हाती दिली. तेव्हापासून तिचं नाव यूईएफआय. ती पहिले ५१२ बाइट चाळत बसत नाही. तिला फाइली वाचता येतात. साध्या फॅट पद्धतीचा एक कप्पा शोधायचा, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचा फोल्डर, त्यात ठराविक नावाची फाइल, ती चालवायची. मधली काही वर्षं नव्या यंत्रांत जुन्या बायोसचं सोंगही ठेवलेलं असे, जुन्या पेनड्राइव्हांना फसवायला. इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत हे सोंग बंद करायचं. आमचा लॅपटॉप त्यानंतरचा. जुन्या बोलीतला पेनड्राइव्ह त्याला कळेचना. हा दुसरा नकार भाषेचा होता. पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी पुन्हा तयार केला आणि सुरू होताना ठरलेली कळ दाबून यादी उघडली. ही कळ एफ-१२, एफ-९, एस्केप, प्रत्येक कंपनीची वेगळी. त्या यादीत पेनड्राइव्हचं नाव दिसलं. वहिनींना फोन करून सांगितलंसुद्धा, की आता होईल.

तिसऱ्या संध्याकाळी तो निवडला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. सुरक्षा धोरणाचा भंग, आणि काहीतरी फार गंभीर बिघडलं आहे, अशा अर्थाच्या. लॅपटॉप आपणहून बंद झाला. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “गेलं का?”

गेलेलं नव्हतं. पण हे सांगायला आधी हा नकार कुठून आला ते कळायला हवं होतं.

भोळ्या विश्वासाची दुसरी बाजू १९८६ मध्ये दिसली. लाहोरच्या दोन भावांनी ब्रेन नावाचा विषाणू लिहिला. तो फ्लॉपीच्या पहिल्या खणातच जाऊन बसायचा. संगणक उठला की सर्वांत आधी तोच उठणार, आणि नंतर येणाऱ्या सगळ्यांना त्याच्याच डोळ्यांनी पाहावं लागणार. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, युनिक्सचे एक कर्ते केन थॉम्प्सन यांचं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान प्रसिद्ध झालं होतं. त्यात त्यांनी दाखवलं की जो प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅम तयार करतो तोच बिघडवला, तर स्रोत कितीही तपासा, दोष दिसणार नाही. जे आपण स्वतः सर्वस्वी घडवलेलं नाही त्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही. आम्ही वर्गात देकार्तचा तो फसवणारा राक्षस शिकवायचो तेव्हा मुलं पेंगायची. इथे तोच राक्षस पहिल्या ५१२ बाइटांत बसला होता.

यावरचा उपाय २०११ च्या सुमारास यूईएफआयच्या नियमांत आला, सिक्युअर बूट. पहिला प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी त्यावर मान्य किल्लीची डिजिटल सही आहे का हे फर्मवेअरने पाहायचं. मान्य सह्यांची एक यादी, नाकारलेल्यांची दुसरी. मीमांसक गेला, नैयायिक आला. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि ज्या संगणकाला त्याचं चिन्ह लावायचं असेल त्यात सिक्युअर बूट चालू असलं पाहिजे, अशी मायक्रोसॉफ्टची अट आली. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आत किल्ल्या ठेवणार त्या स्वाभाविकच मायक्रोसॉफ्टच्या. मॅथ्यू गॅरेट हे तेव्हा रेड हॅटमध्ये काम करणारे तंत्रज्ञ. त्यांनी २०११ च्या सप्टेंबरातच जाहीरपणे विचारलं होतं की अशा यंत्रावर लिनक्स सुरू कसं होणार? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तर याला मर्यादित बूट असं नाव दिलं. बऱ्याच वादानंतर साध्या पीसीवर मालकाला ही तपासणी बंद करता आलीच पाहिजे, असा नियम त्या वेळी राहिला. पुढे विंडोज १० च्या काळात तो बनवणाऱ्याच्या मर्जीवर गेला.

लिनक्सवाल्यांनी मधला मार्ग काढला. शिम नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम, शिम म्हणजे सुतार फटीत मारतो ती चिपळी. ९९ डॉलर शुल्क भरून त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची. फर्मवेअर शिमवर विश्वास ठेवणार, शिम पुढच्या ग्रबवर, ग्रब लिनक्सच्या गाभ्यावर. शिवाय मालकाला स्वतःची किल्लीही शिममध्ये नोंदवता येते, ही सोय फार महत्त्वाची. २०१२ अखेरीस उबुंटू आणि २०१३ च्या जानेवारीत फेडोरा अशा रीतीने नव्या यंत्रांवर सुरू होऊ लागलं.

मग जुलै २०२० मध्ये ग्रबमध्येच एक छिद्र सापडलं, त्याला बूटहोल म्हणतात. सही खरी, पण ज्याच्यावर केली तोच कच्चा. असे जुने प्रोग्रॅम एकेक करून नाकारायचे म्हटले तर फर्मवेअरमधली नकाराची यादी भरून जाईल, ती जागा फार थोडी असते. म्हणून पिढीचा क्रमांक आला. प्रत्येक शिम आपली पिढी सांगतो, आणि यंत्रात नोंदवलेल्या किमान पिढीच्या खालचा असेल तर स्वतःच थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अद्यतनानंतर विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदवणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर त्याच ओळी आल्या, ज्या आम्ही पाहिल्या.

आमचा तिसरा नकार तोच होता. विद्यार्थ्याने पेनड्राइव्ह नव्याने तयार केला, पण त्यात घातलेली आयएसओ त्याच्या कपाटातली, काही वर्षांपूर्वी उतरवलेली. लॅपटॉपमध्ये मात्र किमान पिढी पुढे सरकलेली. पाहुणा खरा होता, त्याचं ओळखपत्र खरं होतं, त्याची मुदत संपली होती. दोष लॅपटॉपचा नव्हता, आमचा होता.

विद्यार्थी म्हणाला, “सर, सिक्युअर बूट बंद करून टाकू, एका मिनिटाचं काम.” आम्ही त्याला थांबवलं, आणि नंतर त्यानेच मान्य केलं की बरं झालं. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बरेचदा आपोआप कुलूप लागलेलं असतं. फर्मवेअरची ही मांडणी बदलली की आतल्या प्रणालीला संशय येतो आणि ती लांबलचक किल्ली मागते. किल्ली हाती नसताना मांडणी बदलायची नाही, ही गोष्ट इथे बसलेल्या प्रत्येकाने लिहून घ्यावी.

चौथ्या संध्याकाळी ताजी आयएसओ उतरवली. संकेतस्थळावर दिलेला तिचा ६४ अक्षरांचा ठसा आणि उतरलेल्या फाइलचा ठसा ताडून पाहिला. नैयायिकाचं काम या वेळी आम्ही स्वतः केलं. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, निवडला. लिनक्स सुरू झालं. सिक्युअर बूट चालू असतानाच सुरू झालं.

आणि आतली डिस्क उघडायला गेलो तर तिने किल्ली मागितली. ४८ अंक.

हा चौथा नकार. आमच्या स्नेह्यांना डिस्कला कुलूप आहे हेच बहुधा ठाऊक नव्हतं. पण त्यांची मुलगी परदेशात असते, लॅपटॉप घेतला तेव्हा ऑनलाइन खातं तिनेच उघडून दिलं होतं. तिला फोन लावला. तिकडे पहाट होती. तिने खात्यात जाऊन पाहिलं, किल्ली तिथे होती. सहा-सहा अंकांचे आठ गट. ती फोनवर एकेक गट सांगत होती, वहिनी मोठ्याने परत म्हणत होत्या, विद्यार्थी टंकत होता. आठवा गट झाला आणि डिस्क उघडली. शब्दांच्या फाइली होत्या तशा होत्या. नाडा, सोल, धाव, थारोळं, सगळे जागच्या जागी. त्या रात्री आम्ही त्यांच्या तीन प्रती केल्या आणि तीन वेगळ्या घरी ठेवल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परतःप्रामाण्यावर मीमांसकांचा जुना आक्षेप असा, की प्रत्येकाला दुसऱ्याचा दाखला लागत असेल तर त्या दुसऱ्याला कोणाचा? पुन्हा अनवस्था. सिक्युअर बूटने ती कुठे थांबवली? फर्मवेअरमध्ये ठेवलेल्या एका किल्लीवर. तिला कोणी तपासत नाही. १९४९ साली व्हीलरने तारेने बांधलेल्या त्या ३१ आज्ञाच या, फक्त आता तार बांधणारा वेगळा आहे. प्रत्येक यंत्रात एक जागा अशी असतेच जिथे चौकशी संपते आणि नुसता विश्वास सुरू होतो. ती टाळता येत नाही. विचारायचं एवढंच, की त्या जागेवर कोण बसलं आहे, आणि मालकाला ते ठाऊक आहे का.

आम्ही सिक्युअर बूटच्या विरोधात बोलायला उभे नाही. कुलूप होतं म्हणून स्नेह्यांचा लॅपटॉप चोराच्या हाती लागता तर त्याला काही मिळालं नसतं. पण तेच कुलूप त्यांच्या पत्नीलाही चोर समजत होतं. किल्ली मालकाच्या घरात नव्हती, ती एका कंपनीच्या खात्यात होती, आणि मुलीला ते खातं आठवलं म्हणून बारा वर्षांचं काम वाचलं. नसतं आठवलं तर? कुलूप आपलं काम चोख करत राहिलं असतं, आणि थारोळं म्हणजे काय हे पुढच्याला सांगायला कोणी उरलं नसतं.

हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चांगले धडधाकट लॅपटॉप लोक कपाटात टाकत आहेत, आणि त्यातले बरेचसे लिनक्सवर अजून काही वर्षं सुखाने चालतील. सिक्युअर बूटच्या ज्या किल्ल्या २०११ साली केल्या, त्यातल्या लिनक्सच्या शिमवर सही करणाऱ्या किल्लीची मुदत जून २०२६ ही आहे. मुदत सरली म्हणून आधीची सही असलेलं एकाएकी बंद पडत नाही, पण नव्या सह्या २०२३ च्या नव्या किल्लीने होणार. म्हणजे जुन्या यंत्रांपुढे पुन्हा ओळखपत्राचा प्रश्न.

तेव्हा तुमचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून उठेना, तर आमचा क्रम ध्यानात ठेवा. पेनड्राइव्ह यादीत दिसतच नसेल, तर तो नीट उलगडून भरला आहे का पाहा. तसा असूनही दिसत नसेल, तर बोली जुळते का पाहा, बायोस की यूईएफआय. दिसतो पण सुरक्षेचं कारण देऊन थांबतो, तर आधी ताजी आयएसओ घ्या, ठसा ताडा. कुठलीही मांडणी बदलण्यापूर्वी डिस्कच्या किल्लीची खात्री करा. आणि पडद्यावर जे लिहून येतं ते घाईने पुसू नका, कागदावर उतरवून घ्या. तो नकार कुठल्या काळातला आहे हे त्यातच लिहिलेलं असतं.

आणखी एक काम आजच करा. घरी गेलात की आपल्या लॅपटॉपची ती ४८ अंकी किल्ली शोधा, वहीत लिहा आणि वही कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. आमच्या वहिनींनी ती आता देवघरातल्या पोथीत ठेवली आहे.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. उत्तर आम्हाला आलं नाही तर आमचा विद्यार्थी मागच्या रांगेत बसला आहे.